आत्याच्या वाट्याचं पाणी

आत्या बसल्या जागी धापा टाकायला लागली तेव्हा बाबांना वाटलं, नाटकं करतेय. ही त्यांची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, म्हणून मालवणचं घर बंद करून आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत आलेली. मी कॉलेजात होते. टीव्हीवर मॅच लागली की बाबा आवाज वाढवायचे आणि म्हणायचे, "तो भाता बंद कर गं जरा."

पुढे तिच्या तोंडाला लघवीसारखा वास यायला लागला. आईने तिला हॉस्पिटलात नेलं, बाबाही मागोमाग गेले. डॉक्टरांना छाती साफ सापडली. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर ते म्हणाले, "मूत्रपिंडं निकामी झालीत. लघवीतून जायचं ते आम्ल रक्तात साठतंय. फुप्फुसं जोरजोरात श्वास टाकून ते कमी करू बघतायत, पण किती पुरी पडणार? अंगातलं पाणीही बाहेर पडत नाहीये. पिणं अगदी थोडं ठेवा."

बाबांनी शेवटचं वाक्य तेवढं उचललं. माठ वरच्या फळीवर चढवला. आत्याला वाटीने पाणी मिळायचं, आणि ती वाटी बाबा कधी पूर्ण भरायचे नाहीत. मे महिना होता. पाहुणे आले की तिच्यासमोरच कोकम सरबताचे ग्लास फिरायचे. ती ओठांवरून जीभ फिरवत बघत राहायची.

एकदा ती बाबांना म्हणाली, "मेल्यार तोंडात पाणी घालतलंस मां रे? ता आताच घाल."

बाबा म्हणाले, "आधी मर तर खरी."

मग एका दुपारी ती न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि बादलीतलं पाणी तांब्याने प्यायली. बाहेर आली तेव्हा पदर ओला होता आणि ती हसत होती. बाबांनी तिच्या थोबाडीत मारली. साठीच्या बाईच्या. ती तरीही हसतच होती.

संध्याकाळपर्यंत छातीत पाणी भरलं. आडवं होता येईना. ती खाटेची कड धरून बसून राहिली, श्वासाबरोबर घशातून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. रात्री हॉस्पिटलात नेलं, तर तिथे रक्त शुद्ध करायचं मशीन एकच होतं. "आधी तरुण पेशंट," असं तिच्या तोंडावरच सांगितलं गेलं. सकाळी ती गेली.

बाराव्याला बाबा सगळ्यांना सांगत होते, "ऐकलं असतं तर जगली असती."

आई पानं वाढत होती. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "नसती जगली. मशीनशिवाय महिना-दोन महिने, असं डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिथेच उभी होते. मग तहानेने कशाला जाळलंत तिला?"

बाबांनी भात कालवला आणि आमटी मागितली. आईने ती वाढली.