आक्का म्हणण्याआधी

कानाखाली बसली तेव्हा माझ्या हातात तांब्या होता. पाणी माझ्याच साडीवर सांडलं, तांब्या गटारात गेला.

साहेब प्रचाराला गडमुडशिंगीत आमच्या वस्तीत आले होते. पावणा आला की आधी तांब्या द्यायचा, ही आमची रीत. समाजमंदिराची झाडलोट आणि चावी माझ्याकडे, म्हणून मी पुढे झाले. साहेबांच्या माणसानं मारलं. वर म्हणाला, "साहेबास्नी तुमच्या घरचं पाणी? जात इसरलीस व्हय गं?"

साहेब शेजारीच होते. त्यांनी पाहिलं. मग फोनवर इंग्रजीत बोलत स्टेजकडे गेले.

माईक हातात आला आणि इंग्रजी कुठल्या कुठे पळालं. "ही वस्ती म्हंजे माझं घर हाय! हितल्या आक्कांच्या हातची भाकरी खाऊन वाढलोय की मी!"

टाळ्या पडल्या. माझ्या शेजारणींनीही वाजवल्या. मला त्यांचाही संताप आला. माझा गाल अजून जळत होता.

तांब्या गटारातून काढला. घासला, भरला. तडक स्टेजवर चढले.

"आक्का म्हणलासा न्हवं? मग प्या."

साहेबांनी माईकवर हात ठेवला. "हिला खाली न्या," म्हणाले. अगदी शुद्ध भाषेत.

त्याच माणसानं केस धरून ओढलं. पायऱ्यांवर गुडघे फुटले. मी त्याच्या मनगटाला चावले, रक्त आलं तरी सोडलं नाही. तो लाथा घालत होता आणि वर माईक चालूच होता. "आमची आक्का जरा भोळी हाय, सांभाळून न्या तिला!"

लोक हसले. लाथांपेक्षा ते हसणं लागलं.

आता परत निवडणूक आलीय. काल तोच माणूस दारात उभा राहिला. मनगटावर माझ्या दातांचा वण.

"आक्का, साहेबांची सभा हाय. माईकला समाजमंदिरातली लाईट पायजे. चावी द्या की."

"चावी न्हाय मिळायची. म्या सोताच उघडणार."

त्यानं हात उगारला. मी चुलीपुढची फुंकणी उचलली. शेजारणी बाहेर आल्या. हात खाली गेला.

सभा होऊ दे. आत लाईटच्या बटणापाशी मी बसणार आहे. साहेबांनी रस्त्यावर बोलावं, पाण्यावर बोलावं. आक्का म्हणाले की माईक बंद. आता ते माझ्या हातचं पाणी प्यायला तयार झाले तरी मी देणार नाही. आणि कुणी केसांना हात घातला, तर या वेळी नुसती चावणार नाही.