अनारशांचा डबा आणि प्रदर्शनाचं तिकीट

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, इथे दिवाळी मेळा आहे, पण आत जायलाच तिकीट आहे. खाण्याचे पैसे वेगळे. जावं का?" मी पटकन म्हटलं, "काही गरज नाही, फुकटचा खर्च." फोन ठेवला आणि भांडी आवरायला गेले, पण ते उत्तर मला पुरेसं वाटेना. मीही एकदा अशा मेळ्याचं तिकीट काढलं होतं. ती हकिगत तुम्हाला कुणी सांगितलेली नाही, आणि ती पुरती ठाऊक असलेली मीच एकटी उरले आहे. म्हणून लिहिते.

ती नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही इंदापूर तालुक्यात शेळगावला राहत होतो. घरात माझ्या सासूबाई होत्या, म्हणजे तुमची पणजी. त्यांची धाकटी बहीण बारामतीच्या पलीकडे सांगवीला दिलेली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. या दोघी बहिणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण ऐकून तुम्हाला हसू येईल. माझ्या नणंदेच्या लग्नात पंगती बसल्या. आपल्याकडे जवळच्या माणसाला जेवायला नुसतं "या" म्हणून भागत नाही. घरच्या बाईनं जाऊन, हाताला धरून उठवायचं असतं. पणजी चुलीपाशी अडकलेल्या. त्यांच्या मनात आलं, बहीण म्हणजे घरचंच माणूस, तिला काय बोलवायचं? आणि मावशी मांडवात बसून राहिली, कारण तिला वाटलं, मी घरची, मला तर आधी बोलावतील. शेवटची पंगत उठली. मावशी उपाशीच उभी राहिली आणि साऱ्या मांडवासमोर म्हणाली, "अक्का, आजपास्नं तुझ्या दारचं पाणी पिणार न्हाय."

ती शपथ तिनं पाळली. पणजीही मानी. "तिला गरज आसंल तर यील," एवढंच म्हणायच्या. पण दर दिवाळीला तुपात अनारसे तळताना पहिला घाणा बाजूला काढायच्या आणि तो कुणासाठी हे सांगायच्या नाहीत. बहिणीला अनारसे आवडतात हे मला फार उशिरा कळलं.

मावशीची सून माझ्यासारखीच शाळेत शिकवायची. बारामतीला शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात आम्ही शेजारी बसलो आणि तिथेच आमचा बेत ठरला. ना ही तिच्या दारात जाईल, ना ती हिच्या. मग दोघींना अशा जागी न्यायचं, जिथे कुणाचंच दार नाही. दिवाळीच्या आधी बारामतीत शाळेच्या मैदानावर खरेदीचं आणि खाण्याचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. मी पणजींना सांगितलं, भांडी स्वस्त आहेत. तिनं मावशीला सांगितलं, साड्या स्वस्त आहेत.

पणजींना काय ते कळलं असावं. निघताना त्यांनी पितळेचा कडीचा डबा पिशवीत घातला. मी विचारलं नाही.

फाटकावर तिकिटाला रांग होती. पलीकडच्या खिडकीपाशी मावशीचा आवाज आधी ऐकू आला.

"तिकीट? आत काय वाघ ठेवलाय व्हय?"

पणजी थबकल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्या सांडशीसाठी आणलंस का मला?" पण परत फिरल्या नाहीत.

आत जाताना फाटकावरच्या स्वयंसेवकानं पिशवी तपासली. बाहेरचे खाद्यपदार्थ आत न्यायचे नाहीत, असा नियम.

"बाबा, खायाचं न्हाय, द्यायचं हाय," पणजी म्हणाल्या.

त्यानं ऐकलं नाही. डब्याच्या कडीला आकडा लिहिलेला पुठ्ठ्याचा बिल्ला दोऱ्यानं बांधला, डबा टेबलाखाली ठेवला आणि जाताना घेऊन जा म्हणाला.

आत भांडी स्वस्त नव्हती. साड्या खळ लावून ताठ केलेल्या, पहिल्या धुण्यात गळतील अशा. मिक्सर विकणारा माणूस एकच गाजर पुन्हा पुन्हा किसून दाखवत होता. दोघी बहिणी आमच्या दोन बाजूंनी चालत होत्या आणि आमच्याशी बोलता बोलता एकमेकींना ऐकवत होत्या.

"काही बायांना भांड्यांची लई हौस," मावशी.

"भांडी तरी घरात ऱ्हात्यात. माणसं निघून जात्यात," पणजी.

खाण्याच्या गाळ्यांपाशी पोचलो. आम्ही सुनांनी पुरणपोळीची कुपनं घेतली. मावशी मात्र कडेच्या खुर्चीवर बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाली, "तुमी खाऊन घ्या. मी हितंच बरी हाय." तिची सून म्हणाली, "आत्या, अहो, इथे कोणी बोलावत नसतं, आपणच घ्यायचं असतं." मावशी हलली नाही. मी पणजींकडे पाहिलं. लग्नातल्या मांडवातही मावशी अशीच बसली होती, कडेला, पदर पुढे ओढून.

पणजींनी हातातली पत्रावळ माझ्याकडे दिली. सावकाश गेल्या आणि बहिणीचं मनगट धरलं.

"ऊठ. चल जेवायला."

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणते. घरची म्हणून बोलवायचं ऱ्हायलं गं."

"घरच्याला आधी बोलवावं, अक्का."

"व्हय. चुकलं."

मावशी उठली. दोघी एकाच पत्रावळीत जेवल्या. पोळी गार होती. पणजींनी ती उजेडाकडे धरली. "ह्यातनं मैदान दिसतंय. पुरण कुठं हाय?" मावशी म्हणाली, "इंदापूरलाच ऱ्हायलं वाटतं." आणि दोघी अशा हसल्या की गाळेवाल्याला राग आला.

मला वाटलं, जमलं सगळं.

बाहेर पडायचं फाटक मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथून बाहेर पडलो तर सांगवीची जीप भरलेली आणि निघायच्या बेतात. पणजी म्हणाल्या, "थांब गं, डबा आणते," आणि आत वळल्या. पण एकदा बाहेर आलं की त्या तिकिटावर पुन्हा आत सोडत नव्हते. सगळ्या कुंपणाला वळसा घालून, गर्दीतून, त्या वयात त्या पहिल्या फाटकापर्यंत गेल्या. मी मागोमाग. डबा घेऊन परत आलो तोवर मावशीला घेऊन जीप गेली होती. पणजी रस्त्याच्या कडेला डबा पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, "आत्या, उद्या मी शाळेतून पाठवून देते."

"न्हाय. तितं दिला आसता तर परदर्शनातला झाला आसता. घरनं पाठवला की माझ्या दारचा झाला. शपथ हाय तिची."

डबा फडताळात गेला. कुणाला हात लावू दिला नाही. "पुढल्या साली परदर्शन भरंल की," म्हणाल्या.

मार्गशीर्षात पणजी गेल्या. दोन दिवसांचा ताप, बाकी काही नाही.

तेराव्याला मावशी आली. अंगणात लिंबाखाली बसली, ओसरीवर चढली नाही. मी जाऊन तिचा हात धरला. "मावशी, चला जेवायला."

"तू बोलावलंस, पोचलं मला. जिनं बोलवायचं तिनंबी बोलावलं. पर ह्या दारचं पाणी मी पिणार न्हाय म्हणलेय. ती आसती तर तिच्यासमोर मोडली आसती शपथ. आता कुणासमोर मोडू?"

मी आत गेले आणि डबा आणला. बिल्ला कडीला तसाच होता. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

"हे कुठलं?"

"प्रदर्शनातलं," मी म्हटलं.

तिनं झाकण काढलं. अनारसे कडक झाले होते, खसखस खाली झडली होती. तिनं एक उचलला, नाकाशी धरला.

"परदर्शनातलं आसंल तर चालतं," ती म्हणाली.

तिनं तो पुरा खाल्ला. कडक अनारसा, खायला बराच वेळ लागला, घशाशी दोनदा अडकला. मी पाण्याचा तांब्या तिच्या शेजारी ठेवला होता. त्याला तिनं हात लावला नाही. डोळे मात्र पदरानं पुसत होती.

तेव्हा बाळांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. वस्तू म्हणाल तर त्या तिकिटाचं काहीच मोल झालं नाही. तिथून आणलेला झारा वर्षभरात मोडला, पोळीचं तर तुम्हाला सांगितलंच. पण दोघी बहिणींना शेवटचं एकत्र बसायला दुसरी जागा नव्हती, आणि ती जागा त्या तिकिटानं मिळाली. तुम्ही जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. गेलात तर बाहेर पडायचं फाटक कुठे आहे ते आधी विचारा.

मावशीही आता नाही. शपथ तिच्याबरोबर गेली. तिची नातवंडं शेळगावला येतात आणि न विचारता फ्रीज उघडून पाणी पितात. पितळी डबा माझ्याकडे आहे. बिल्ल्याचा दोरा दोनदा बदलला, बिल्ला तोच आहे. दर दिवाळीला तो अनारसे भरून सांगवीला जातो आणि तिथून काही ना काही भरून परत येतो.