खळीचा वास

हे गिरणीतून आले की आधी शर्ट काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी तो नाकाला लावायचे. रोज. दुसऱ्या बायका नवऱ्याला पाण्याचा तांब्या देतात, मी वास घ्यायचे. यांनी दारू सोडून वर्ष होत आलं होतं. पण त्याआधीही दोनदा सोडली होती आणि दोन्ही वेळा माझ्या डोळ्यांत डोळे घालून धडधडीत खोटं बोलले होते. मग विश्वास ठेवायला मी काय खुळी होते?

दुष्काळ सरल्यानंतरचा दुसरा उन्हाळा. यांचं काम सायझिंग खात्यात. मागावर तुटू नये म्हणून सुताला तिथं पिठाची खळ चढवतात. एक दिवस शर्टाला आंबूस भपकारा आला आणि मी तो यांच्याच नाकापुढं धरला.

"अगं, खळ आंबलीय. ह्या उन्हात आंबतीच की," हे म्हणाले.

"व्हय? आणि डोळे तांबडे झालेत, त्यांना पण खळ लावलीय काय?"

त्या दिवसापासून मला चैन म्हणून पडेना. हे गप्प बसले की वाटायचं, घेतलीय म्हणून गप्प आहेत. बोलायला लागले की वाटायचं, घेतलीय म्हणून जीभ सुटलीय. बडीशेप खाल्ली तर वास मारायला, नाही खाल्ली तर मला फसवायला. मी शाळेत शिकवायचे, तिथं पोरांपुढं फळ्यावर गणित लिहिताना डोक्यात हेच. पंधरा दिवस असे काढले आणि ट्रंक भरली. कुर्डुवाडीला माझा भाऊ रेल्वेत होता. त्याच्याकडे जायचं आणि परत यायचं नाही, असं यांना तोंडावर सांगितलं.

आमच्या समोर कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई राहायच्या. व्यसन सोडलेल्या माणसांची नजर कशी चालते, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. म्हटलं, बऱ्या सापडल्या. जाऊन सांगितलं, "आमच्या ह्यांची परीक्षा घ्या. पास झाले तर ट्रंक सोडते. नाहीतर उद्या सकाळच्या गाडीला मी बसले." हे एका शब्दात तयार झाले. इतक्या पटकन तयार झाले, की मला त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

बाईंनी टेबलावर कार्डं मांडली. प्रत्येकावर एक शब्द, रंगीत शाईनं लिहिलेला. शब्द वाचायचा नाही, नुसता शाईचा रंग सांगायचा. बाईंच्या हातात शाळेतल्या शर्यतीत असतं तसलं घड्याळ. उशी, खिडकी, चादर हे शब्द आले, यांनी तांबडा, निळा, हिरवा असं भराभर सांगितलं. मग आलं 'ग्लास'. मग 'बाटली'. मग 'भट्टी'. हे अडखळले. घाम पुसला.

"सापडले!" मी ताडकन उठले.

"बसा हो," बाई म्हणाल्या. "अडखळले म्हणजे प्यायले असं नाही. मनाला ज्याचा घोर असतो, तिथं नजर अडकते. सोडलेल्या माणसाचीही अडकते."

माझं डोकं सणकलं. "तुमचं दोघांचं आधीच ठरलेलं दिसतंय."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी कार्डं पिसली आणि माझ्यापुढे सरकवली. "तुम्ही कधी थेंब तरी घेतलाय?"

"शी! काहीतरीच काय!"

"मग तुम्हाला सोपं जाईल."

उशी, खिडकी, चादर मी चटाचट सांगितले. 'ग्लास'ला थांबले. 'बाटली'ला अडखळले. 'भट्टी' हिरव्या शाईत होती, स्वच्छ हिरव्या, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "भट्टी." बाईंनी घड्याळ आमच्यापुढे धरलं. मला यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

लाजेनं माझे कान तापले. आता हे हसणार म्हणून मी यांच्याकडे बघितलं, तर हे खाली मान घालून बसलेले. "लई तरास दिलाय मी हिला," ते बाईंना म्हणाले.

"असल्या पत्त्यांच्या खेळावर संसार चालत नसतो," मी म्हटलं आणि उठले. दारापर्यंत बाई सोबत आल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही जे शोधताय तेवढंच तुम्हाला दिसतंय. काय सुटतंय, तेही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी गेली. मी गेले नाही, पण ट्रंक दाराशीच ठेवली. दुपारी हे आले आणि सवयीनं शर्ट पुढं केला. मी म्हटलं, "नको. बादलीत टाका." यांचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. गुणगुणत मोरीत गेले.

मी किती दम धरला म्हणता? पहिला तांब्या वाजेपर्यंत. बादलीतला शर्ट उचलला आणि नाकाला लावला. तोच आंबूस वास. शर्ट आणखी जवळ दाबला. तेवढ्यात बाही गालाला घासली, कडक, वाळल्या पापडासारखी. बघितलं तर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा थर. नखानं खरवडला तर पापुद्रे निघाले. वास त्या थराचा होता. कॉलरला नुसता घाम.

पंधरा दिवस हे पांढरे डाग मीच दगडावर घासत होते, निघत नाहीत म्हणून शिव्या घालत होते. माझ्याच हातानं! आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, की हे काय आहे.

वर बघितलं तर हे समोर उभे. तोंडावरून पाणी ठिबकत होतं.

"काय निघालं?"

"खळ."

मला वाटलं, आता ट्रंक उचलून बाहेर फेकतील. मी असते तर फेकली असती. हे माझ्याजवळ खाली बसले.

"मी सोडताना तू हुतीस," हे म्हणाले. "आता तू सोड. मी हाय की."

व्हय म्हणायला मी तोंड उघडलं आणि हातातला शर्टच पुन्हा तोंडावर दाबला, कारण रडू आवरेना.