काकाजींची घंटी आणि आठ तारा

टेस्टरवर एक, दोन, तीन आणि सहा हे लाइट लागले. चार, पाच, सात, आठ लागले नाहीत. मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. जिन्याखाली स्टुलावर उभी राहून मी ते चार काळे ठिपके बघत होते आणि खाली वानखेड्यांची सून तेजस्विनी विचारत होती, "पुष्पा दीदी, काय आहे? पता चला?"

पत्ता मला लागला होता. स्टुलावर चढायच्या आधीच लागला होता. पण सांगायचं कसं, हा प्रश्न होता, कारण ते काम माझंच होतं.

आधी तार समजून घ्या. कंप्युटरला कंप्युटर जोडायची जी निळी-करडी तार असते, तिच्या आत आठ बारीक तारा असतात. दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना प्लास्टिकचा पारदर्शक प्लग बसवतात, त्याला आम्ही क्रिंप करणं म्हणतो. टेस्टर ही छोटी डबी असते. आठ तारा नीट असल्या तर आठ लाइट एकामागून एक लागतात. मी चौथी शिकलेली. इंग्रजी वाचता येत नाही. पण रंग आणि आकडे चुकत नाहीत. आधी मी साड्यांना फॉल-बीडिंग करायचे, त्यामुळे बोटांना बारीक कामाची सवय होती. तारा टाकून देणाऱ्या तिवारीजींच्या मदन महल भागातल्या दुकानात झाडायला लागले आणि सहा महिन्यांत क्रिंपिंगला बसले.

जुन्या स्पीडला आठांपैकी चारच तारा लागायच्या. निळी आणि तपकिरी जोडी नुसती पडून असायची. नवा स्पीड, ज्याला गिगाबिट म्हणतात, तो दहापट पळतो, पण त्याला आठही तारा पाहिजेत. एक जरी कमी पडली तर नवं मशीन गुपचूप जुन्या स्पीडवर उतरतं. तक्रारही करत नाही.

वानखेड्यांच्या घरी लग्नाचे व्हिडिओ बनतात. मुलगा अमोल शूटिंग करतो आणि सगळं शूटिंग वरच्या मजल्यावरच्या जुन्या कंप्युटरमध्ये भरतो. तेजस्विनी खाली नव्या, ताकदवान कंप्युटरवर ते कापते, जोडते. वरच्या फाइली खालून दिसाव्यात म्हणून मधे तार. याला शेअरिंग म्हणतात. नवा कंप्युटर आणि तारा जिथे एकत्र येतात तो नवा गिगाबिटचा डबा घेऊनही फाइली बैलगाडीनं यायच्या. अर्ध्या वेळा ती पेनड्राइव्ह घेऊन जिना चढायची-उतरायची. त्या दिवशी तेही शक्य नव्हतं. शूटिंग खूप होतं, पेनड्राइव्ह लहान, आणि मोठी डिस्क नागपूरच्या अल्बमवाल्याकडे गेलेली.

आणि संध्याकाळी सहाला नवरीचा भाऊ फिल्म न्यायला येणार होता. दुसऱ्या दिवशी नागपूरला रिसेप्शन, तिथे मोठ्या पडद्यावर लावायची. तेजस्विनीनं घेतलेलं हे पहिलं मोठं काम होतं. अमोल कटनीला दुसऱ्या लग्नात. सकाळी साडेअकरा वाजले होते आणि स्क्रीन सांगत होती, कॉपी व्हायला अजून पाच तास. त्यानंतर कापणं-जोडणं, त्यानंतर सगळं शिजवून एक फिल्म बनवायला मशीनला दोन तास. हिशेब काही केल्या सहाला बसत नव्हता.

"वरचा कंप्युटरच खाली आणला तर?" मी हळूच विचारलं.

"दीदी, मागं एकदा हलवला होता. दोन दिवस चालू नाही झाला. अमोलनं सांगितलंय, त्याला हात लावला तर मी घरी येणार नाही."

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी ही तार मीच ओढली होती. तिवारीजी तेव्हा खाली चहा पीत बसले होते. वरच्या खोलीत तेजस्विनीचे सासरे राहतात. मी त्यांना काकाजी म्हणते. कारखान्यातून रिटायर झालेले, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. त्यांनी मला तेव्हा विचारलं होतं, "काहून वं बाई, ह्या चार तारा उरल्या नं? वाया घालवून राहिली काय?" मी म्हटलं, उरल्या. ते म्हणाले, "मंग मले स्वयंपाकघरापर्यंत एक घंटी दे नं." मला नाही म्हणता येत नाही. मान हलवायला सोपी पडते. म्हणून निळ्या जोडीवर घंटी दिली. मग ते म्हणाले की खालून उत्तर यायला पाहिजे, नाहीतर वाजवणाऱ्याला काय कळणार. म्हणून तपकिरी जोडीवर खालून वर वाजणारी दुसरी घंटी.

त्या घरात तेव्हापासून एक ट्रिंग म्हणजे चहा, दोन म्हणजे पाणी, तीन म्हणजे वर या. खालून एक म्हणजे येते, दोन म्हणजे गॅसवर दूध आहे, थांबा. सगळं घर यावर चालत होतं आणि ते कोणत्या तारेवर चालतं हे दोनच माणसांना माहीत होतं.

दुसरं माणूस जिन्याच्या वरच्या पायरीवर काठी घेऊन उभं होतं आणि माझ्याकडे बघत होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. दोघांनीही एकदम नजर दुसरीकडे वळवली.

"कुठल्या गाढवानं केलंय हे वायरिंग?" तेजस्विनी म्हणाली.

काकाजींना खोकला आला.

तिनं तिवारीजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तिवारीजी रिछाईला एका फॅक्टरीत कामावर होते, मागे मशीनचा घर्र आवाज. मी फोनवर चार लाइटचं सांगितलं.

"केबल मर गई है," ते म्हणाले. "बोल दो मॅडम को, दीवार खोलनी पड़ेगी. कल लडके भेजता हूं."

तेजस्विनी भिंतीकडे बघत राहिली. दिवाळीत रंग दिलेली भिंत होती. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "उद्या म्हणजे गेलं काम. मी नवरीच्या भावाला फोन करून नाही म्हणून सांगते."

तिनं नंबर शोधायला सुरुवात केली. दुकानात मी दिवसाला दहा वाक्यं बोलते, त्यातली सहा 'हो जी' असतात. पण तारेला काही झालं नव्हतं. चांगल्या तारेसाठी भिंत फुटणार आणि हिचं काम जाणार, हे मला बघवेना.

"भैयाजी, केबल ठीक है," मी म्हटलं. आवाज इतका बारीक आला की तिवारीजी म्हणाले, "क्या?"

"केबल ठीक है. चार तार मैंने घंटी में दिए थे. इनके ससुरजी की घंटी में."

"घंटी में?" तिवारीजी म्हणाले.

तेवढ्यात वरून काकाजी गरजले, "तिनं नाई. म्या केलं ते. मले इलेक्ट्रिकचं सगळं समजते."

"बाबा, तुम्हाला रिमोटची बॅटरी बदलता येत नाही," तेजस्विनी म्हणाली.

"ते रिमोटच खराब होतं."

"काकाजींनी नाही केलं," मी म्हटलं. "मीच केलं. गाढव मी."

तेजस्विनीनं माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्याकडे, मग स्वयंपाकघराच्या दारावरच्या घंटीकडे. तिचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तिला हसू आलं. थांबता थांबेना. "म्हणजे मी दोन महिने पेनड्राइव्ह घेऊन जिना चढून राहिले, ते यांच्या चहासाठी?"

"दीदी," फोनमधून तिवारीजी म्हणाले, "हम कल बात करेंगे." आणि फोन बंद.

उद्याचं उद्या. मी स्टुलावरून उतरले आणि म्हटलं की घंटी काढून चारी तारा प्लगमध्ये घातल्या की दहा मिनिटांत काम होईल.

"घंटी निघनार नाई," काकाजी म्हणाले आणि वरच्या पायरीवर खाली बसले. "माझ्या प्रेतावरून जा."

"बाबा, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"एक दिवस म्हनता म्हनता वर्ष होते. मंग म्या इथं बोंबलत बसू काय?"

त्यांचंही खरं होतं. गुडघ्यानं जखडलेल्या माणसाची ती घंटी म्हणजे खाली यायचा रस्ताच होता. मी दिलेली वस्तू मीच हिसकून घ्यायची, हे मला पटेना. तेव्हा दुसरा मार्ग सुचला. तार भिंतीतल्या पाइपमधून जाते. जुन्या तारेच्या टोकाला नवी तार आणि घंटीची वेगळी पातळ तार, दोन्ही बांधायच्या आणि जुनी वरून ओढायची. ती बाहेर येईल, नव्या आत जातील. माझ्या पिशवीत दोन्ही बंडलं होती.

धोका एकच. मधेच गाठ सुटली तर पाइपमध्ये काहीच उरणार नाही. फिल्मही गेली, घंटीही गेली. मी हे दोघांना स्पष्ट सांगितलं. तेजस्विनीनं घड्याळ बघितलं, बारा टक्क्यांवर आलेली कॉपी बंद केली आणि म्हणाली, "चलो."

गाठ मी घातली. तांब्याला तांबं अडकवून, वरून टेप, पुढे निमुळती. पाइपला तीन वळणं आहेत, म्हणून तारेला घसरण पाहिजे. काकाजींची घामोळ्यांची पावडर मागितली. त्यांनी नवा डबा दिला, जुना दिला नाही, तो अर्धाच उरला होता, पुरणार नाही म्हणे. तेजस्विनी वर ओढायला, मी खाली सरकवायला. मधे एकमेकींचा साधा आवाज पोचेना, कारण वरच्या खोलीतला कूलर बंद करायला काकाजी तयार नव्हते.

मग त्यांनीच ताट आणि चमचा घेतला. एक वाजवला तर ओढतोय, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे सोड.

टण्. मी सरकवलं. टण्. सरकवलं. पहिलं वळण गेलं. टण्. टण्. मला वाटलं थांब म्हणतात, मी थांबले. वरून तेजस्विनी ओरडली, "बाबा, ते दोन वेगवेगळे एक होते का?" काकाजी म्हणाले, "हो, पन वाजले जवळजवळ." मला हसू यायला लागलं आणि हसताना हाताला जोर राहत नाही. वरून पाइपमधून पावडरचा लोट आला आणि माझ्या तोंडावर बसला.

दुसऱ्या वळणावर तार अडली. वरून ओढ लागली, खाली तार ताणली, पुढे सरकेना. हसणं थांबलं. मी बोटांनी तार धरून बसले. ओढली तर गाठ सुटेल, सोडली तर तशीच अडकेल. मी जिन्याखालून ओरडले. आयुष्यात एवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. "काकाजी, तीन वाजवा, तीन."

टण् टण् टण्. तेजस्विनीनं सोडलं. मी तार वीतभर मागे घेतली, सुईत दोरा ओवताना बोटांनी पीळ देतात तसा अर्धा पीळ दिला, आणि हळूच पुढे केली. गेली. काहीतरी कुठेतरी सुटल्यासारखी सरसर गेली. वरून चमचा असा वाजायला लागला की शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारलं, "वानखेडेजी, सब ठीक है न?"

वर गेले तेव्हा सासरा आणि सून दोघंही डोक्यापासून पांढरे. दोघांच्या हातात तारेचं एकेक टोक, जणू मासा लागला होता. मी तिथे आणि खाली प्लग क्रिंप केले. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. रंग माझ्या हातांना तोंडपाठ आहेत, पण हात हसून हसून हलत होते. एक प्लग वाया गेला. दुसऱ्याला टेस्टरवर आठही लाइट ओळीनं लागले. डब्यावरचा केशरी दिवा हिरवा झाला.

तेजस्विनीनं कॉपी पुन्हा लावली. स्क्रीननं आधी विचार केला, मग सांगितलं, पस्तीस मिनिटं. ती खुर्चीवरून उठली आणि तिनं मला मिठी मारली. मला कोणी मिठी मारली की हात कुठे ठेवायचे कळत नाही. मी टेस्टर धरून उभी राहिले.

घंटीच्या नव्या तारेनं वरची-खालची दोन्ही घंट्याही जोडल्या. काकाजींनी लगेच एक वाजवली. तेजस्विनीनं खालून दोन वाजवल्या, दूध गॅसवर आहे. दूध काही गॅसवर नव्हतं.

फिल्म सहाला दहा मिनिटं कमी असताना तयार झाली. नवरीचा भाऊ आला तेव्हा त्याला बसायला खुर्ची पुसून द्यावी लागली, पावडरमुळे.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात लवकर गेले. डबा सोबत नेला नव्हता, कारण जेवायच्या वेळेपर्यंत नोकरी राहील असं वाटत नव्हतं. तिवारीजी आले, अगरबत्ती लावली, बसले.

"मॅडम का फोन आया था," ते म्हणाले. "बहुत खुश है. अब सच बोलो दीदी. ऐसी घंटी और कितने घरों में है?"

मी बोटं मोजली. एका हातावर भागेना.

"सात."

"सात?"

"घंटी पाच में," मी म्हटलं. "एक जगह देवघर का बल्ब है. और एक जगह गच्ची पर टाकी भरली की वाजणारं..." घाबरले की मी मधेच मराठीत जाते.

तिवारीजींनी चष्मा काढला. मला वाटलं, आता. पण ते टेबलावर डोकं ठेवून हसत होते. बराच वेळ हसले. मग उठून त्यांनी एक कोरी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, सातही घरांची नावं लिहा, प्रत्येक घरी जा, आणि या वेळी बोलायचं काम तुमचंच.

मी गेले. सातही घरी स्वतःच्या तोंडानं सांगितलं की तुमचं नेटवर्क मी अर्धं ठेवलं होतं. तिसऱ्या घरापासून आवाज जरा बरा निघायला लागला. टाकीवाल्या घरी बाईंनी मला पोहे खायला घातले आणि विचारलं की आता आठही तारा लागल्यात, तर पाणी भरल्याचं कसं कळेल. मी त्यांना घंटीची वेगळी तार ओढून दिली.

या धंद्यात मी एवढंच शिकले. तारेत कोणतीही जोडी उरलेली नसते, ती नंतर लागणारी असते. आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, त्यानं पिशवीत घंटीच्या तारेचं एक बंडल नेहमी जास्तीचं ठेवावं.