एका गिऱ्हाइकाचा देश

आमच्या इमारतीत तळमजल्यावर घड्याळकाकांचं दुकान आणि वर माझं करसल्ल्याचं ऑफिस. जिन्यावर त्यांची पावलं वाजली की मी आधी कपाळाला हात लावते आणि मग चहा सांगते. माणूस सज्जन, पण हट्टी इतका, की त्याच्यापुढे आयकर अधिकारीसुद्धा परवडला.

चावीची जुनी घड्याळं दुरुस्त करण्यात काकांचा जन्म गेला. गिऱ्हाइकं आटली तेव्हा त्यांनी कामाच्या टेबलाला मोबाइल बांधला, दुरुस्तीचे धडे चित्रित केले आणि इंटरनेटवर विकायला ठेवले. ते चक्क खपायला लागले, तेही देशोदेशी. माझ्या डोक्याला ताप सुरू झाला तो तिथूनच. असा धडा परदेशातल्या माणसाने विकत घेतला की त्यावर विक्रीकर लागतो तो त्याच्या देशाचा, आणि तो गोळा करून भरायचा विकणाऱ्याने. बहुतेक देश थोड्याथोडक्या विक्रीकडे काणाडोळा करतात. एक देश मात्र पहिल्या विक्रीपासून हात धुऊन मागे लागतो. तिथे नोंदणी करा, दर तिमाहीला फॉर्म भरा, शिवाय गिऱ्हाईक तिथलंच असल्याचे दोन पुरावे ठेवा: बँकेचं कार्ड कुठलं आणि घराचा पोस्टकोड काय.

त्या देशात काकांचं गिऱ्हाईक होतं एक.

"काका, तो देश बंद करून टाका. एका माणसासाठी मी सतरा पानं भरतेय."

"भरा ना, ताई. तुमची फी देतोय की."

"फी त्या धड्याच्या चौपट आहे!"

काका उठले. खाली गेले आणि एक पिवळं पडलेलं पाकीट घेऊन वर आले. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता होता. त्यातल्या पोस्टकोडवर त्यांनी बोट ठेवलं. माझ्या फॉर्ममध्ये होता तोच.

"दादा आहे माझा," ते म्हणाले.

दोघे भाऊ वडिलांच्या हाताखाली एकाच टेबलावर शिकले. घड्याळात तेल घालायचं ते चाकाच्या आसाच्या टोकाशी, तेही एकच थेंब. चाकाचे दाते कोरडे ठेवायचे, नाहीतर धूळ चिकटून झिजतात. वडिलांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी कशावरून तरी खटका उडाला आणि दादा भरल्या दुकानात गिऱ्हाइकांना म्हणाला, "याच्या हातात घड्याळ देऊ नका. दात्यांना तेल घालून मोकळा होईल." काकांना ते फार लागलं. पुढे दादा मुलीकडे परदेशी गेला, पोचल्याचं पत्र आलं, आणि काकांनी त्याला उत्तर दिलं नाही.

"आणि आता तो माझा पहिला धडा विकत घेतो. झाकण कसं उघडावं! डोळे मिटून घड्याळ जोडणारा माणूस, ताई." काका हसले आणि चष्मा पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"मग लिहा की त्यांना."

"पहिलं वाक्य काय लिहू? अकरा वर्षं झाली हो."

त्यानंतर मी कुरकुर न करता फॉर्म भरू लागले. दर तिमाहीला विक्रीच्या रकान्यात एक किंवा दोन. धडा आला की दादा घ्यायचाच. खरेदीसोबत निरोप लिहायची चौकट मात्र नेहमी रिकामी.

मग एका तिमाहीला शून्य आलं. पुढच्या तिमाहीलाही शून्य. मधे काकांनी दोन नवे धडे टाकले होते. तिसरं शून्य भरलं की नोंदणी रद्द होते आणि मग तिथल्या कुणालाही काकांचा धडा विकत घेता येत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं.

"आजारी असेल का? त्र्याहत्तरचा आहे," काका म्हणाले. "का माझा आवाज ऐकून कंटाळला?"

तीन दिवसांनी नवा धडा आला. नाव होतं, ‘चाकाच्या दात्यांना तेल कसं घालावं’. मी तशीच खाली धावले.

"काका, हे काय केलंत? चारशे विद्यार्थी आहेत तुमचे. लाज जाईल."

"जाऊ दे. आठवडाभरच ठेवणार आहे."

लाज गेलीच. अकरा जणांनी धडा घेतला आणि अकराही जणांनी खरपूस समाचार घेतला. एकाने तर दुकान बंद करण्याचा सल्ला दिला. नाकावर माशी न बसू देणारा हा माणूस एकेक निरोप शांतपणे वाचायचा आणि पत्ता बघून बाजूला सारायचा. मला मात्र राग आवरत नव्हता, त्या अकरा जणांचाही आणि त्या दादाचाही.

सातव्या दिवशी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. काकांनी मोबाइल माझ्या हातात दिला. बारावी विक्री. कार्ड त्या देशाचं, कोड तोच. निरोपाची चौकट पहिल्यांदाच भरलेली.

"डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून मधले धडे राहिले. आज हा पाहिला. तुझ्या हातून ही चूक होणं शक्य नाही. बरा आहेस ना रे?"

काकांनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी पुसण्यासारखं होतं.

"शक्य नाही म्हणतोय," ते म्हणाले. "वाचलंत ना?"

"वाचलं, काका."

त्याच दुपारी त्यांनी तो धडा काढून टाकला, माफी मागितली आणि अकरा जणांचे पैसे परत केले. बाराव्याचे ठेवले. तिमाही संपल्यावर मी सतरा पानं भरली आणि विक्रीच्या रकान्यात एक लिहिलं.