डबेमामांचा दोन बर्थांचा डबा

डबेमामा कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी भिंतीवर बोटाचं पेर वाजवून आवाज ऐकायचे. मग खुर्ची उलटी करून तिचे सांधे बघायचे आणि मगच तिच्यावर बसायचे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाची खुर्ची अशी उलटी केली होती. नवरदेव नुकताच तिच्यावरून उठला होता एवढंच नशीब. "जोड कच्चा आहे," असं त्यांनी मुलीच्या बापाच्या कानात सांगितलं, आणि तो बिचारा दिवसभर जावयाकडे संशयानं बघत राहिला.

मामा मूळचे भुसावळचे. मिसरूड फुटलं तेव्हा चेन्नईला रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. पेरंबूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे. माझं काम म्हणजे बायकांसाठी सार्वजनिक शौचालयं मागणं. नुंगंबाक्कमला एका खोलीत आमचं कार्यालय, तिथून मी पत्रकं लिहायची, वाटायची, शिव्या खायची. मामा मला ‘पुढारीबाई’ म्हणायचे. माझं प्रत्येक पत्रक ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचायचे आणि वर मत द्यायचे, "मजकूर ठीक आहे. घडी चुकीच्या जागी पडलीय."

त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात जायचं. गाडी उशिरा आली, पंखा बंद पडला, रुळांवर पाणी साचलं, काहीही झालं की मामा म्हणायचे, "ते आमचं खातं नाही." त्यांचं खातं म्हणजे डबा, म्हणजे सांगाडा, पत्रा, बर्थ, खिडकी, दार. इंजिन कुणाचं, रूळ कुणाचे, वेळापत्रक कुणाचं, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं, की या देशाचं वाटोळं याच एका वाक्यानं केलंय. ते म्हणाले, "असेल. पण आमच्या डब्यांनी नाही केलं."

मामी तंजावरकडच्या. त्यांचं मराठी जुन्या ट्रंकेतून काढल्यासारखं होतं, घडीचं आणि कापराच्या वासाचं, मधूनमधून तमिळची जर लावलेलं. आई लवकर गेली म्हणून त्यांना थोरल्या बहिणीनं वाढवलं. ती अक्का तंजावरलाच होती. मामी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि हातात वॉकर आला. त्यातच दर तासाला लघवीला जायची पाळी आली. तेव्हापासून तंजावर बंद. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या, त्यावर सगळं चाललं होतं. मग अक्काचे कान गेले आणि तिनं अंथरूण धरलं. फोन भाचा उचलायला लागला आणि रोज तेच सांगायला लागला, की अक्का बरी आहे. मामी फोन ठेवून म्हणायच्या, "बरी आहे म्हणजे कशी आहे, ते बघितल्याशिवाय कसं कळेल?"

गाडी करून जा, असं सगळे सांगायचे. सांगणारे सगळे पुरुष. त्यांना रस्त्याच्या कडेचं कुठलंही झाड पुरतं. हमरस्त्यावर पेट्रोल पंपांवर बाईसाठी जी शौचालयं आहेत त्यांची किल्ली मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर जेवायला गेलेला असतो. तो जागेवर असला तर दारात तीन पायऱ्या असतात, आणि पायऱ्या चढून गेलं तर आत उकिडवं बसायचं असतं. हे मी दहा पत्रकांत लिहिलंय, इथे पुन्हा लिहिते, कारण अजून तसंच आहे.

रेल्वेनं का नाही, असं मी एकदा मामांना विचारलं. ते म्हणाले, "तिचा वॉकर डब्यातल्या संडासाच्या दारातून जात नाही. मी मोजलंय." माझ्या जिभेवर त्यांचंच वाक्य आलं होतं, टोमणा मारायला अगदी तयार. पण त्याआधी तेच म्हणाले, "दाराची रुंदी आमच्याच खात्याची होती, पुढारीबाई. जन्मभर केलेली दारं माझ्या बायकोला अरुंद पडली."

पुढच्या आठवड्यात त्यांनी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडचा कोपरा मागून घेतला आणि ट्रेलर बांधायला घेतला. मोटारीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. लोक आधी सांगाडा करतात, मग आतलं बघतात. मामांनी आधी कमोड आणला. तो शेडच्या मधोमध ठेवला, त्याच्यापुढे मामींना वॉकरसकट उभं केलं, वळायला लावलं, खडूनं रेघा मारल्या आणि त्या रेघांवर दार केलं. दाराभोवती संडास झाला, संडासाभोवती डबा. शेडमधली पोरं येता-जाता त्या उघड्या कमोडला नमस्कार करायची. नोंदणीच्या खिडकीवर साहेबांनी विचारलं, की यातून माल नेणार की काय नेणार? मामांनी शांतपणे सांगितलं, "संडास."

बाकीचा डबा मात्र त्यांना रेल्वेचाच जमला, कारण दुसरं काही त्यांच्या हाताला येतच नव्हतं. खिडक्यांना आडवे गज. समोरासमोर दोन बर्थ, दोन्ही खालचे, आणि त्यांवर एक आणि दोन असे आकडे रंगवलेले, जणू तिसरा प्रवासी येऊन भांडणार होता. बर्थखाली सामान बांधायची साखळी. मी विचारलं, मामा, तुमच्याच डब्यात तुमचंच सामान कोण चोरणार? म्हणाले, "साखळी असली की झोप लागते." कुठल्याशा भंगारातून पंखाही आणला, तो कंगव्यानं पातं ढकलल्याशिवाय फिरायचा नाही. आणि कमोडच्या शेजारी लाल मुठीची साखळी, ओढली की बाहेर घंटा वाजणारी, मामी आत अडकल्या तर असावी म्हणून. मामींनी ती पहिल्याच दिवशी कॉफी मागायला ओढली.

मामींनी स्वयंपाकाची बाजू हातात घेतली तेव्हा खरी लढाई झाली. इडलीचं भांडं, कॉफीचा फिल्टर, कढीपत्त्याची कुंडी, इथवर मामा सोसत गेले. मग मामींनी दगडी पाट्याचा विजेवरचा ग्राइंडर मागच्या भिंतीशी बसवायला लावला. वसाहतीच्या रस्त्यावर चाचणीला सहकाऱ्याचा छोटा ट्रक जोडला, तर डबा मागून म्हशीच्या शेपटीसारखा हलायला लागला. मामांनी सांगितलं, सगळं वजन मागे झालंय, तो दगड उतरव. मामी म्हणाल्या, "दगड उतरला की मी पण उतरले. अक्काला काय बाजारातल्या पिठाची इडली घालू?" शेवटी ग्राइंडर पुढच्या भिंतीशी गेला, पाण्याची टाकी चाकांवर सरकली, आणि डबा सरळ चालला. मामांनी मामींची माफी मागितल्यासारखा त्या दगडाला टॉवेल गुंडाळला.

डब्याला रंग चढला, खिडक्यांना पडदे आले. मामी नऊवारी नेसून येऊन दारात रांगोळी काढून गेल्या. तेव्हा मी साधा प्रश्न विचारला, की हा ओढणार कोण? मामांकडे जुनी छोटी गाडी होती, तिला चढावर चार माणसं जड व्हायची. खरं सांगते, त्या माणसानं इतके महिने एकदाही इंजिनाचा विचार केला नव्हता. आयुष्यभर डबा बांधून बाहेर सोडला होता आणि कुणीतरी इंजिन आणून जोडलं होतं. मामी वॉकरवर हात ठेवून म्हणाल्या, "एन्नंगा, अहो, आता हा डबा मी ओढायचा का?"

आमच्या चळवळीची एक जीप होती, वर भोंगा बांधलेली, तब्येतीनं दणकट. मीच चालवायची. समितीपुढे मी मांडलं, की जीप देऊ आणि डब्याच्या दोन्ही बाजूंना फलक लावू. याहून चांगला प्रचार मिळायचा नाही. मजकूरही तयार होता, तमिळमध्ये, ठसठशीत: डबे बांधणाऱ्याच्या बायकोला दार मिळालं नाही. मामांनी तो वाचला. "खरं आहे," म्हणाले. "पण बायको तिची ती आहे, तिला विचार."

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान लिहिलंस कन्ना. पण अक्काचे कान गेलेत, डोळे नाहीत. तिला तमिळ वाचता येतं. ती म्हणेल, धाकटी एवढ्या वर्षांनी आली, ती आपल्या लघवीची पाटी मिरवत आली."

मी पुष्कळ वाद घातला. लाज हेच तर बायकांना दाबून ठेवणाऱ्यांचं हत्यार आहे, वगैरे. मामी ऐकत राहिल्या आणि मला डोसा वाढत राहिल्या. फलक लागला नाही. जीप मी दिलीच, आणि समितीत जे ऐकून घ्यायचं ते ऐकून घेतलं.

उजाडताना निघालो. चालत्या ट्रेलरमध्ये बसायचं नसतं, म्हणून मामी माझ्या शेजारी आणि मामा मागे, पण तोंड मागच्या काचेकडे करून. चेन्नई ते तंजावर हा माणूस उलटा बसून आपल्या डब्याकडे बघत आला. चेंगलपट्टूच्या पुढे पहिल्यांदा थांबलो. उतरती फळी लावली, मामी वॉकर घेऊन चढल्या, दारातून सहज आत गेल्या, कडी लागली. मामा दाराकडे पाठ करून शेताकडे बघत उभे राहिले. मामी बाहेर आल्या, हसल्या, निघालो. असं दर तासाला.

विळुपुरम् मागे पडल्यावर एका चिंचेखाली थांबलो असताना मामा टाकीची नळी बघायला गेले आणि परत आले ते तोंड पाडून. टाकीतलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. त्यांनी मामींना विचारलं, तू आत जाऊन करतेस काय?

"बसते."

"आणि?"

"आणि उठते. तुम्ही एवढे बाहेर उभे असता. वाईट वाटायला नको."

मामींनी आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. प्रवास म्हटला की घसा कोरडा ठेवायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की स्वतःच्या मापाचा संडास मागे बांधून आणलाय तरी हात पाण्याकडे जात नव्हता. मी तापले. तोंड उघडलं, भाषण तयारच होतं. मामांनी हातानं मला थांबवलं. डब्यात गेले, पितळी लोटीभर पाणी घेऊन आले.

"कारखान्यात चाचणी झाल्याशिवाय डबा बाहेर सोडत नाहीत," ते म्हणाले. "हा तसाच सुटलाय. पी."

मामी प्यायल्या. दुसरी लोटी प्यायल्या. तिसरी मामांनी पुढे केली तेव्हा "पोदुम" म्हणाल्या, पुरे, आणि तीही प्यायल्या. मग आम्ही तिघं चिंचेखाली बसलो, जसे लोक दवाखान्याच्या बाहेर बसतात. बऱ्याच वेळानं मामी उठल्या, फळी चढल्या, कडी लागली. आतून पाणी सोडल्याचा आवाज आला. नातवाचं पहिलं रडणं ऐकावं तसं मामांनी तो ऐकला. नाक शिंकरलं आणि मला म्हणाले, की झडप थोडी अडखळतेय, घरी गेल्यावर बघायला हवी.

अक्काच्या गल्लीत डबा शिरेना. तोंडाशीच लावला. मामी वॉकर टेकत शेवटपर्यंत चालत गेल्या. अक्का पलंगावर एवढीशी झालेली. तिनं हातानं धाकटीचा चेहरा चाचपला, कानशिलं, हनुवटी, मग गालाचा चिमटा घेतला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "इतकी वर्षं काय करत होतीस गे?" मामींनी मामांकडे बोट दाखवलं आणि बहिणीच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन म्हणाल्या, "ह्यांचं काम चाललं होतं."

मी जीप घेऊन परतले, ते दोघं डब्यासकट तिथेच राहिले. अक्का पोंगलपर्यंत होती. मामी तिला चमच्यानं पेज भरवायच्या. त्याच ग्राइंडरवर वाटलेल्या इडलीचा तुकडाही शेवटच्या आठवड्यापर्यंत तिच्या तोंडात गेला. मामा मात्र घरात झोपले नाहीत. सासुरवाडीला एक रात्र पाहुणचार, दुसऱ्या रात्रीपासून आश्रित, असं त्यांचं म्हणणं. ते गल्लीच्या तोंडाशी एक नंबरच्या बर्थवर झोपायचे.

दिवस झाल्यावर मी जीप घेऊन त्यांना आणायला गेले. डब्यापुढे दोन बायका उभ्या होत्या, एक फुलवाली आणि एक शेजारची म्हातारी, आणि तिसरी आत होती. दारात मामांनी आता धरायला दांडा बसवला होता. किल्ली फुलवालीकडे असते, असं त्यांनी सांगितलं, आणि ती कधी जेवायला जात नाही. मामी म्हणाल्या, आम्ही येत नाही कन्ना. इथे माझं बोलणं कळणाऱ्या बायका आहेत, मागची खोली मोकळी आहे, दार रुंद करायचं काम ह्यांनी काढलंय. पेरंबूरची खालची खोली भाड्यानं दे, पण बघून दे.

मी म्हटलं, इंजिन इतक्या लांब आणलं ते फुकट. मामा जीपभोवती फिरून आले. चाकं बघितली, हूक बघितला, मग चालकाच्या दारातून आत वाकले. माझ्या सीटशेजारची पाण्याची बाटली उचलून त्यांनी हलवून पाहिली. गळ्यापर्यंत भरलेली, झाकणाचं सीलही तुटलेलं नाही.

"चेन्नईहून?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. दहा पत्रकं लिहिलेली बाई, आणि घसा मामींसारखाच कोरडा.

त्यांनी सील मोडलं आणि बाटली माझ्या हातात दिली. फुलवालीला सांगितलं, की पुढचा नंबर हिचा. मी ती बाटली उभ्या उभ्या संपवली. नंतर आम्ही दोघं डब्याच्या फळीवर बसून राहिलो, मामींनी खिडकीतून कॉफी दिली तीही घेतली. निघायची घाई नव्हती. एवढं पाणी पोटात घेऊन लगेच निघणं शहाणपणाचं नव्हतं.