घोड्याचा घाम आणि शेरमातची जीभ

...आणि त्या खेपेलाही शेरमातनं तेच केलं. घोड्यांची शर्यत तोंडावर आलेली. शेजारी कुंपणाशी येऊन सहज विचारतो, "काय रे, कबऱ्याचे घाम काढून झाले का?" शेरमातनं कपाळाला हात लावला. "कसले घाम! लंगडतोय बिचारा." आणि शर्यतीत तोच कबरा सगळ्यांच्या पुढं टेकडी उतरून आला! पण खरी गंमत पुढंच आहे. लंगडण्याची थाप त्यानं बायकोलाही मारली होती. हरलेल्या नवऱ्याचं तोंड बघायला नको म्हणून अनारकुल घरीच कणकेचे बोरसोक तळत बसली. नवऱ्याची सगळ्यात मोठी जीत तिनं पाहिलीच नाही.

आमच्या अत-बाशी गावात शर्यतीचं घोडं तयार करणारे सगळे असेच. घोड्यावर जाड झुली टाकायच्या, पळवायचं, घाम काढायचा. घाम आधी दुधासारखा गढूळ आणि खारट येतो. घोडं तयार झालं की पाण्यासारखा निवळतो. एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुणाच्या घोड्याचा घाम कुठवर आलाय, हे कुणी कुणाला सांगत नाही. दृष्ट लागते ना! बाकीचे निदान शर्यत संपली की माणसांत येत. शेरमात आलाच नाही. अनारकुल वारली, मुलगा रशियात कामाला गेला, आणि हा नदीपलीकडच्या झोपडीत घोड्याशी बोलत राहिला. घोड्याशी मात्र खरं बोलायचा म्हणतात.

एके दिवशी शाळेतली बुरुलकानबाई त्याच्या दारात आली.

"आबा, जिल्ह्याला घोड्यांची शाळा निघतेय. नाल मारणं, औषधपाणी, शर्यतीचं घोडं घडवणं, सगळं शिकवणार. राहायची सोय आहे. आमच्या पोरांपुढं दोन शब्द बोला."

"मी? बोलू?"

"घोड्याशी बोलता तसंच. ऐकतीलही तेवढंच."

गेला बापडा, टोपी झटकून. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "आबा, या धंद्यात गाडी मिळते का?"

"मिळते की. चार पायांची. पेट्रोलही लागत नाही!"

पोरं खिदळली आणि घंटा होताच पांगली. राहिली एकटी किंबात. लहानपणी ही पोरगी शर्यतीत घोडी पळवायची. पुढं उंची वाढली, अंग भरलं, आणि मालकांनी तिला पाठीवरून उतरवलं. "बसता येत नसेल, तर घडवायला शिकवा," म्हणाली.

मग ती वडिलांचा तांबडा घोडा घेऊन रोज पूल ओलांडून यायला लागली. झोपडीत चहाचे दोन पेले भरले जाऊ लागले. शेरमात तिची चाहूल लागायच्या आधीच दारात येऊन उभा राहायचा, आणि ती दिसली की जीन पुसत असल्याचं सोंग करायचा.

शरदातली शर्यत जवळ आली. किंबात तांबड्याच्या मानेवरून हात फिरवत म्हणाली, "आबा, घाम अजून दुधाळच येतोय. आणखी काढायला हवा ना?"

शेरमातनं बोट फिरवलं, जिभेला लावलं. खारट! पोरीचं अगदी बरोबर होतं. त्यानं तोंड उघडलं आणि कुंपणाशी आलेल्या शेजाऱ्याला सांगावं तसं सांगून टाकलं, "छे, पुरे झालं. तयार आहे."

तिला हाक मारावी असं वाटेतो ती पूल ओलांडून गेलीसुद्धा. उद्या सांगू म्हटलं. उद्या उजाडला, पोरगी आली, चहा प्याली, गेली. जीभ काही वळली नाही.

शर्यतीत तांबडा अर्ध्या वाटेवरच धापा टाकत थांबला. किंबात धावत गेली आणि लगाम धरून, त्याला सगळ्या गावासमोरून चालवत घेऊन आली. "शेरमातची चेलीण गं बाई!" लोक ओरडत होते. "आता शिवणयंत्र पळव!"

त्यानंतर पुलावर कुणी दिसेना. शेरमात दोन पेले मांडायचा, एक तसाच उचलून ठेवायचा. घोड्याशी बोलणंही त्यानं सोडलं.

बर्फ पडायला लागलं तेव्हा एका सकाळी ती आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"आबा, मावशी बिश्केकला शिवणकामाला बोलावतेय. घोड्यांच्या शाळेत नाव घालायचा आज शेवटचा दिवस आहे. मला घोड्यातलं काही कळत नाही, असं सगळे म्हणतात. तुम्ही सांगा, कुठं जाऊ?"

चुलीवर किटली उकळत होती. 'कुठंच नको, इथंच येत जा,' एवढं म्हटलं असतं तर पोर कदाचित राहिलीही असती. शेरमातनं टोपी काढली, हातात धरली आणि म्हणाला,

"घाम दुधाळच होता, पोरी. तुला बरोबर कळलं होतं, खोटं मी बोललो. शाळेत जा. तिथं विचारलं की खरं सांगतात. सुट्टीत आलीस तर चहा आहेच. पण मी काही सांगितलं, तर आधी घाम स्वतः चाखून बघ."